निरोप आत नेणारी माणसं

ठाण्यात रिक्षात बसून नुसतं ‘कॅडबरी’ म्हटलं, की रिक्षावाला पुढे काही विचारत नाही. साठच्या दशकात पोखरण रोडच्या तोंडाशी चॉकलेटचा कारखाना आला आणि त्याचं नाव आधी चौकाला, मग बसथांब्याला, मग आजूबाजूच्या घरांच्या पत्त्याला चिकटलं. जवळच जेकेग्राम आहे. तिथली लोकरीची गिरणी १९२५ सालची. १९४४ मध्ये ती सिंघानियांकडे आली आणि ‘रेमंड’ हे नाव देशभर गेलं. कल्याणच्या पलीकडे मोहन्याला ‘एनआरसी’ म्हटलं की पुरे. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन हे पूर्ण नाव तिथे कुणी घेत नसे. रेमंडची ठाण्यातली गिरणी आणि एनआरसी, दोन्ही २००९च्या सुमारास थांबल्या. नावं मात्र अजून लोकांच्या पत्त्यांत आहेत.

कारखान्याचं नाव असं लोकांच्या तोंडी बसलं, की त्याचं बरंवाईटही त्याच तोंडांतून बोललं जातं. लोकलच्या दारात, रेशनच्या रांगेत, मंडळाच्या वर्गणीच्या बैठकीत. हे बोलणं कारखान्याच्या आत पोचवायला एक माणूस लागतो. तो माणूस म्हणून मी सव्वीस वर्षं काम केलं. १९७६ साली ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रासायनिक कारखान्यात कामगार कल्याण विभागात लागलो, १९८५ मध्ये जनसंपर्कात गेलो आणि २०११ मध्ये निवृत्त झालो. आमच्या कामाबद्दल लोकांच्या मनात एकच चित्र असतं: पुष्पगुच्छ, पत्रकारांना जेवण आणि साहेबांचा फोटो पेपरात. हे चित्र मला फार लागतं, कारण आमच्या भागात या कामाचा इतिहास त्याहून जुना आहे आणि कितीतरी मोठा आहे.

तो सुरू होतो ठाण्याच्या स्टेशनातच. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून चौदा डब्यांची गाडी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढत ठाण्याला आणली. चारशेच्या आसपास पाहुणे होते, एकवीस तोफांची सलामी झाली. हे सगळ्यांना पाठ असतं. पण चारशे निमंत्रितांना एका दुपारी बसवणं वेगळं आणि रोज तिकीट काढून साध्या माणसाला बसवणं वेगळं. माझी आजी कल्याणची. तिच्या सासरी आगगाडीला ‘चाक्या म्हसोबा’ म्हणत. बैल नाही, घोडा नाही आणि गाडी धावते, म्हणजे आत काहीतरी अघोरी असणारच. पुलाच्या पायात माणसं पुरतात. अशा गोष्टी तिने तिच्या आजेसासूकडून ऐकल्या होत्या आणि त्या आम्हाला सांगताना तिचा आवाज आपोआप खाली यायचा. १ मे १८५४ रोजी रूळ खाडी ओलांडून कल्याणला पोचले, तेव्हा या भीतीही रुळांच्या आधी पोचल्या असणार.

ही भीती लोखंडाने जाणार नव्हती, ओळखीच्या माणसांच्या शब्दाने जाणार होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही विलायती कंपनी. पण तिच्या मागे जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई उभे होते. मुंबईत रेल्वे यावी म्हणून या दोघांनी १८४५पासूनच प्रयत्न चालवले होते. नानांनी ज्या गोष्टीत हात घातला, ती बुडवणारी नाही, एवढं इथल्या माणसाला कळत होतं. आणि १८५४ मध्येच कृष्णशास्त्री भाटवडेकरांचं ‘लोखंडी रस्त्यांचे संक्षिप्त वर्णन’ हे मराठी पुस्तक निघालं. गाडी धावू लागून जेमतेम वर्ष झालं होतं आणि हे प्रकरण काय आहे, ते मराठी वाचकाला त्याच्या भाषेत समजावून द्यावं असं एका शास्त्रीबोवांना वाटलं. त्या काळी ‘जनसंपर्क’ हा शब्दच नव्हता. पण मला विचाराल तर आमच्या धंद्याचा पहिला उत्तम नमुना तोच. त्यांच्या शीर्षकात ना स्तुती आहे ना भीती घालणं. वर्णन आहे, तेही संक्षिप्त.

पन्नास वर्षांनी या धंद्याला अमेरिकेत रीतसर रूप आलं, तेही रेल्वेमुळेच. ऑक्टोबर १९०६ मध्ये अटलांटिक सिटीजवळ पुलावरून गाडी पाण्यात कोसळली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. तोवर रेल्वे कंपन्यांची रीत अशी होती, की अपघात झाला की वार्ताहरांना लांब ठेवायचं. पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा सल्लागार आयव्ही ली याने उलट केलं. जे घडलं ते कंपनीच्याच नावाने लिहून वर्तमानपत्रांना दिलं. आज ज्याला आम्ही ‘प्रेस नोट’ म्हणतो, तिचा जन्म बहुतेक जण तिथेच मानतात. माझ्या टेबलावरच्या काचेखाली मी हे साल लिहून ठेवलं होतं. प्रेस नोटचा जन्म उद्घाटनाच्या फितीजवळ झालेला नाही, मढ्यांजवळ झालेला आहे, हे मला विसरायचं नव्हतं.

ठाण्याला स्वतःचं वर्तमानपत्र फार लवकर मिळालं. ‘अरुणोदय’ १८६६ साली इथे निघालं. मुंबईच्या सावलीत राहूनही या गावाला आपलं बोलणं आपण छापायची सवय होती. ती सवय पुढे ‘ठाणे वैभव’ १९७५ मध्ये दैनिक म्हणून सुरू झालं तेव्हाही दिसली. मी नोकरीत नवा असताना एक ज्येष्ठ सहकारी मला बजावायचे, की मुंबईच्या मोठ्या पेपरात चार ओळी आल्या तर साहेब खूश होतील, पण ठाण्याच्या पेपरात एक ओळ चुकीची गेली तर उद्या सकाळी शिफ्टला येणारा प्रत्येक माणूस तुला ती दाखवेल.

मुळात कारखान्यात जनसंपर्क म्हणून वेगळं काही नसेच. चाळीसच्या दशकात टाटांनी मुंबईत असा विभाग काढला, १९५८ मध्ये पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीच्या परिषदेत या व्यवसायाने आचारसंहिता स्वीकारली. तो दिवस आता राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळतात. पण १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आलं, वागळे इस्टेट उभी राहिली, मग डोंबिवलीची एमआयडीसी आली, तेव्हा इथल्या कारखान्यांत हे काम करायचा तो कामगार कल्याण अधिकारी. १९४८च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या ४९व्या कलमाने पाचशे किंवा जास्त कामगार असतील तिथे तो नेमावाच लागे. कँटीनच्या डाळीपासून मयताच्या खर्चापर्यंत सगळं त्याच्याकडे. गृहपत्रिका तोच काढायचा: सायक्लोस्टाइल केलेली आठ पानं, त्यात दहावी पास झालेल्या मुलांची आणि निवृत्तांची नावं, सत्यनारायणाची तारीख. त्या आठ पानांना कुणी हसू नये. ती कामगाराच्या घरी जायची. बायको वाचायची, शेजारी वाचायचे. कारखान्याबद्दल घरात काय बोललं जातं, हे ती पानं वाटताना कळायचं.

डोंबिवलीच्या विको कंपनीची गोष्ट मी नव्या मुलांना नेहमी सांगत असे. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये परळला घरातच आयुर्वेदिक दंतमंजन करायला सुरुवात केली आणि घरच्या माणसांनी ते दारोदार नेऊन विकलं. ऐंशीच्या दशकात ‘ये जो है जिंदगी’ मालिकेबरोबर तिची जाहिरात घराघरात पोचली, ते सगळ्यांना आठवतं. मला त्याआधीचं दार वाजवणं मोठं वाटतं. दारात उभं राहिलं की बाई तोंडावर सांगते, तुमची पूड तिखट लागते. हे ऐकलेला माणूस घरी जाऊन काय बदलायचं ते बदलू शकतो. टीव्ही तुमचं सांगतो, पण त्या बाईचं तुम्हाला सांगत नाही.

माझ्या आयुष्यात हे सगळं बदललं ते ३ डिसेंबर १९८४च्या सकाळी. भोपाळच्या वायुगळतीची बातमी आली, तेव्हा आमच्या कँटीनमध्ये पहिल्या पाळीची माणसं चहा घेत होती. कुणीच बोलत नव्हतं. आमच्याकडे तिथला वायू, मिथाइल आयसोसायनेट, नव्हता. क्लोरीन होता, अमोनिया होता, आणि कुंपणाबाहेर चारशे पावलांवर आगरी माणसांचं गाव होतं. त्या गावाच्याच जमिनीवर कारखाना उभा होता. दुसऱ्या दिवशी गावातली वीस-पंचवीस माणसं गेटवर आली. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत. ‘तुमच्या टाकीत काय हाय?’ एवढंच विचारलं. आमच्यापैकी कुणालाही उत्तर द्यायची परवानगी नव्हती. तीन महिन्यांनी मला जनसंपर्कात बसवलं.

१९८७ मध्ये फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये ४१-ब हे कलम आलं. धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि आसपासच्या लोकांना देणं कारखान्यावर बंधनकारक झालं. १९८९च्या नियमांनी आणीबाणीच्या आराखड्याची सक्ती केली. कायदा फाईलमध्ये आला. गावात जायला त्याला आणखी दोन वर्षं आणि एक वाईट रात्र लागली.

१९९१चा पावसाळा. रात्री साडेअकराच्या सुमारास एका व्हॉल्व्हमधून वायू गळला. वीस मिनिटांत बंद केला. वास गावात गेला. लोक गेटवर धावले, तर सुरक्षा रक्षकाने शिकवलेलं वाक्य म्हटलं, ‘आत काही झालेलं नाही.’ सकाळी मला बोलावून पत्रक लिहायला सांगितलं. मी लिहिलं: किरकोळ गळती, तातडीने नियंत्रण, नागरिकांना कोणताही धोका नाही. ते जसंच्या तसं छापून आलं. साहेबांनी पाठ थोपटली.

दोन दिवसांनी मी गावात गेलो. साठीच्या एका बाईंनी, सगळं गाव त्यांना माई म्हणे, मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, ‘पेपरात छापून आनलास. आमच्या ओटीवर कवा आला असतास?’ मग त्यांनी ती रात्र सांगितली. वास आला तशी बायकांनी पोरं उचलली आणि खाडीकडे पळत सुटल्या. त्या रात्री वारा खाडीकडेच वाहत होता. म्हणजे त्या वायूच्या बरोबर पळत होत्या. वाऱ्याला आडवं जायचं, तोंडावर ओलं फडकं धरायचं, एवढं एक वाक्य त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. माझ्या पत्रकात ते नव्हतं. ‘कोणताही धोका नाही’ या माझ्या तीन शब्दांची मला त्या ओट्यावर लाज वाटली, ती अजून आहे.

परत येऊन मी मागणी केली: गावातून दिसेल अशा उंचीवर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, भोंग्याचे ठरलेले इशारे आणि त्यांचा मराठीत छापलेला कागद प्रत्येक घरात, दर तीन महिन्यांनी मंदिरात बैठक, आणि रात्रीही कुणीतरी उचलेल असा एक टेलिफोन. ‘सांगितलं तर लोक घाबरतील, जमिनीचा मोबदला वाढवून मागतील,’ असं उत्तर आलं. आठ महिने मी ४१-ब कलमाचा कागद खिशात घेऊन फिरत होतो. शेवटी उत्पादन विभागाचे प्रमुख माझ्या बाजूला आले. त्यांची मुलं शाळेत होती, आणि शाळा वाऱ्याच्या त्याच बाजूला होती. टेलिफोन आला. त्याच्याशेजारी मी एक लांबट वही ठेवली: वेळ, कोण, काय म्हणाले, काय केलं, उलट निरोप किती वाजता दिला.

चांगला जनसंपर्क अधिकारी व्यवसायाला काय देतो, असं मला व्याख्यानांत विचारत. मी ऑक्टोबर २००३ची गोष्ट सांगायचो. दिवाळी तोंडावर होती. कॅडबरी डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने चौकशी लावली. कंपनीचं पहिलं म्हणणं असं होतं, की कारखान्यात हे होऊच शकत नाही, दुकानांतल्या साठवणुकीत झालं असावं. तांत्रिकदृष्ट्या ते खरं असू शकेल. पण प्रशासनाकडून साधा प्रश्न आला: मग वेष्टन कशासाठी असतं? तेव्हा कागदी वेष्टनाच्या आत नुसती दुमडलेली चांदी असे. ऐन सणात खप सुमारे तीस टक्क्यांनी घसरला. ज्या नावाचा चौक आहे, त्या नावाबद्दल ठाण्याच्या घराघरात आई मुलाच्या हातातलं चॉकलेट काढून घेत होती. माझ्या सुनेनेही घेतलं.

पुढचं मी कात्रणं ठेवून वाचत गेलो. ‘प्रोजेक्ट विश्वास’ नावाने कंपनीची माणसं जवळजवळ एक लाख नव्वद हजार दुकानांपर्यंत साठवणुकीची माहिती घेऊन गेली. आणि जानेवारी २००४ मध्ये वेष्टन बदललं. चांदी उष्णतेने सीलबंद झाली, तिच्यावर दुसरं आवरण आलं. त्यासाठी यंत्रं आणली, खर्च वाढला. त्यानंतर अमिताभ बच्चन पडद्यावर आले. लोकांना अमिताभ आठवतात. या व्यवसायातल्या माणसाने आठवावी ती सीलबंद चांदी. ‘आमचा दोष नाही’ हे पत्रक कुणीही लिहून देऊ शकतं. दोष कुणाचाही असो, आईच्या मनातली शंका वेष्टन बदलूनच जाईल, हे बाहेरून ऐकून आत सांगणारं आणि आत ऐकून घेणारं कुणीतरी त्या दोन-तीन महिन्यांत होतं. खप परत आला. ज्या कंपन्यांत असा माणूस फक्त निर्णय झाल्यावर मजकूर लिहायला बोलावला जातो, तिथे त्याचा पगार खरंच वाया जातो, हे मी पगार घेणारा म्हणूनच सांगतो.

निवृत्तीनंतर मी डोंबिवलीत, एमआयडीसीच्या निवासी भागाजवळ राहतो. गेटच्या बाहेरच्या बाजूला राहणं म्हणजे काय, ते इथे शिकलो. जानेवारी २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला. २६ मे २०१६च्या स्फोटात माणसं गेली, काही किलोमीटरवरच्या काचा फुटल्या, आमच्याही. फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला, मुख्यमंत्री बघून गेले. २३ मे २०२४ला पुन्हा स्फोट. प्रत्येक वेळी आमच्या सोसायटीच्या जिन्यात तीच बायकामाणसं, तीच घाई, हातात मोबाइल आणि त्यावर कुठल्या कुठल्या गावचे जुने व्हिडिओ. प्रत्येक वेळी मला विचारतात, ‘काका, खिडक्या लावायच्या की उघडायच्या?’ आजूबाजूच्या एकाही कारखान्याचा नंबर आमच्या नोटीस बोर्डावर नव्हता. मी वारा बघून सांगतो. कुठला वायू ते माहीत नसताना त्याहून जास्त काही सांगणं बरोबर नाही. आता मोठ्या कंपन्यांकडे एजन्सी आहेत, तासातासाला समाजमाध्यमांचा अहवाल येतो. ती मुलं हुशार आहेत. त्यांच्यापैकी जे भेटतात त्यांना मी माझी वही दाखवतो. निवृत्त होताना तिची झेरॉक्स मी परवानगीने घेतली होती.

त्या वहीत १९९७च्या जूनमधलं एक पान आहे. पहाटे पावणेतीन. फोन सरपंचांच्या घरून, बोलणाऱ्या माई. मी त्या रात्री कारखान्यातच होतो. त्यांचे शब्द मी ऐकता ऐकता उतरवून घेतले होते: ‘सायब, नाल्याला फेस आलाय. तुमचा हाय का दुसऱ्याचा, त्ये आदी बघा. मंग बोलू.’ आमच्या यंत्रांवर तोवर काहीच दिसत नव्हतं. सांडपाण्याच्या टाकीचा पंप बंद पडला होता आणि टाकी भरून वाहत होती. पुढच्या दोन नोंदी माझ्या अक्षरात आहेत. ३.२० — पंप चालू. ३.३५ — माईंना निरोप दिला: आमचाच होता.